फॉर्ममध्ये नसलेला रकाना

गणपतीला दोन दिवस राहिले होते तेव्हा आम्ही आमच्या लग्नाची नोटीस द्यायला गेलो. साल २०२४. बेळगावच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसमध्ये तर त्याहून गर्दी. सणाआधी खरेदीखत उरकायची लोकांना कोण घाई! कुठल्या तालुक्याचं ऑफिस ते सांगत नाही, त्यांचं नाव घेऊन भांडायचं नाही मला.

मी खानापूर तालुक्यातली, मराठा घरातली. उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब बघते. तो कॅम्पातला, कॅथलिक, घरी कोंकणी, बाहेर मराठी, ऑफिसात कन्नड. सहा वर्षांची ओळख. दोघांनीही धर्म बदलायचा नाही हे ठरलेलं होतं, त्यावर आमच्यात कधी वादही झाला नाही. वाद झाला तो बाकीच्यांशी.

आधी आम्ही दोन्हीकडच्या देवांच्या दारात जाऊन आलो. घरच्यांच्या समाधानासाठी म्हणा. आमच्याकडच्या भटजींनी मुलाचं गोत्र विचारलं आणि मग स्वतःच गप्प झाले. त्याच्या पॅरिशचे, म्हणजे त्यांच्या भागातल्या चर्चचे, फादर मात्र सविस्तर बोलले. कॅथलिक नसलेल्या माणसाशी चर्चमध्ये लग्न लागतं, पण त्याला बिशपांची परवानगी लागते. कॅथलिक जोडीदारानं वचन द्यायचं की मुलांना त्याच धर्मात वाढवण्यासाठी जमेल ते करीन, आणि हे वचन दिलंय याची दुसऱ्याला कल्पना द्यायची. शिवाय लग्नाआधी नावं चर्चमध्ये जाहीर वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मला ते वचन पटलं नाही. पण फादरांनी काही लपवलं नाही, आणि पटलं नाही तर जबरदस्तीही नव्हती. चर्चचा नियम चर्चपाशी, भटजींचा भटजींपाशी. मला हवं होतं ते तिसरं दार, जिथं हा प्रश्नच येत नाही.

ते दार म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. आमच्या वकीलबाईंनी, कॉलेज रोडला बसतात त्या, आम्हाला तो पहिल्यांदा नीट समजावला. या कायद्याचं पूर्वरूप १८७२ चं, इंग्रजांच्या वेळचं. तेव्हा सरकारी नोंदणीनं लग्न करायचं तर दोघांनाही लिहून द्यावं लागे की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन काहीच नाही. म्हणजे लग्नासाठी कागदावर आधी सगळे धर्म सोडायचे. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या खटपटीनं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात लग्न करताना ती अट उरली नाही. आणि १९५४ मध्ये ती सगळ्यांसाठीच गेली. "तुमचा धर्म कुठला हे सरकारला विचारायचंच नाहीये, एवढाच या कायद्याचा अर्थ," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या परिशिष्टातला नोटिशीचा नमुना काढून दाखवला. रकाने असे: नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, किती दिवस राहताय. मी दोनदा वाचलं. धर्माचा रकाना नाही. जातीचाही नाही.

त्याची झेरॉक्स मी पर्समध्ये घालून घेतली, आणि बरं झालं.

काउंटरवरच्या क्लार्कनं आमची आधार कार्डं बघितली, दहावीची मार्क्सकार्डं बघितली, परत नावं बघितली. मग मान वर केली.

"धर्म?"

मी सांगितलं. चूक माझीच, सांगायला नको होतं. तोंडातून निघून गेलं.

"मग कन्व्हर्ट कोण होणार?"

"कोणीच नाही."

"असं कसं? एकाला तरी व्हायलाच लागतंय की."

माणूस वाईट नव्हता. आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती, आपल्या मुलीला विचारावं तशी. पण तो सरकारी खुर्चीत बसला होता आणि मी काउंटरच्या या बाजूला उभी होते, मागे खरेदीखतवाल्यांची रांग. मी झेरॉक्स पुढं केली. त्यानं ती वाचली नाही. "साहेब्रु इल्ल री, नाळे बर्री," म्हणाला. साहेब नाहीत, उद्या या. साहेबांची गाडी खाली उभी होती.

बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट असतो. त्याला आमचं सगळं आधीच कळलेलं. म्हणाला, "ताई, कशाला महिनाभर थांबताय? पोराचं शुद्धीकरण करून घेऊ, एका देवळात माळ घालू, हिंदू मॅरेजमध्ये आजच्या आज नोंद. फोटो तेवढे चांगले काढा." मी वकीलबाईंना फोन लावला. त्या फोनवरच खवळल्या. असं एका दिवसात होतच नाही, २०२२ च्या धर्मांतर कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना आधी कळवावं लागतं, उद्या कुणी तक्रार केली तर लग्नच अडचणीत. आणि हा कायदा तर आपल्याच दारात झालेला. २०२१ च्या डिसेंबरात विधानसभेत विधेयक मंजूर झालं ते इथंच, बेळगावच्या विधिमंडळ इमारतीत, सुवर्ण विधानसौधात, हलग्याजवळ. त्या दिवसांत हायवेवर पोलिसांची रांग असते म्हणून कारखान्याची बस उशिरा यायची, एवढंच मला तेव्हा त्यातलं कळलेलं.

पण एजंटच्या बोलण्यातला हिशेब मला विसरता येईना. धर्म बदलल्याचं नाटक केलं तर एक दिवस. दोघंही आहोत तसे राहिलो तर तीस दिवस.

दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. साठीकडे झुकलेले, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं लिंग असावं, शर्टाच्या आत काहीतरी होतं. मी मनात म्हटलं, झालं. त्यांनी फॉर्म घेतला, वय तपासलं, पत्ता तपासला, दोघांपैकी एक तरी गेले तीस दिवस याच हद्दीत राहतंय ना एवढं विचारलं, आणि सही केली. धर्माचं अवाक्षर नाही. क्लार्कनं कन्नडमध्ये काहीतरी हळू सांगितलं, तर म्हणाले, "अदु नम्म केलस अल्ल." ते आपलं काम नव्हे. तेवढं कन्नड मलाही कळतं.

नोटीस वहीत चढली आणि तिची प्रत बोर्डावर लागली. बोर्ड म्हणजे जिन्याजवळची काचेची पेटी. कुलूप आहे, चावी हरवलेली. आमची नोटीस आणि शेजारी कुठल्यातरी लिलावाची. कायदा म्हणतो, ठळक दिसेल अशा ठिकाणी लावा, वही कुणालाही फुकट बघू द्या, आणि तीस दिवसांत कुणाची हरकत असेल तर ऐकून घ्या. चर्चमध्ये नावं वाचतात तेच हे, फक्त तिथं माणसं तरी ओळखीची असतात. इथं चौथ्या दिवशी कुणीतरी बोर्डाचा फोटो काढला आणि आठवड्याभरात तो आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पत्त्यासकट. अलाहाबाद हायकोर्टानं २०२१ च्या जानेवारीत म्हटलंय की ही जाहीर नोटीस जोडप्याच्या मर्जीवर असावी, सक्तीची नको. पण अलाहाबाद अलाहाबादला. इथं जिन्याजवळची पेटी होती.

त्या तीस दिवसांबद्दल फार लिहीत नाही. आई रडली, बाबा बोलायचे थांबले, मी हॉस्टेलवर राहिले.

चुलत्यांचं मात्र सांगायला हवं. काका पहिल्यांदा धर्मावरून बोलले, मग देवघरावरून, मग देवक कोण बसवणार यावरून, आणि शेवटी मुद्द्यावर आले. जमीन एकत्र आहे. चार एकर भाताची, पहाणीवर, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, आजोबांनंतर तिन्ही भावांची नावं. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलेलं की असं लग्न केलं की पोरगी एकत्र कुटुंबातून आपोआप बाहेर. ते अर्धं खरं होतं. कायद्याचं एकोणिसावं कलम तसंच म्हणतं, एकत्र हिंदू कुटुंबातल्या माणसानं या कायद्यानं लग्न केलं की तो कुटुंबातून विभक्त झाला असं मानायचं. पुढं १९७६ मध्ये दुरुस्ती झाली, दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे कलम लागू नाही. आमच्यातला एक कॅथलिक, म्हणून मला लागू. वकीलबाईंनी समजावलं, विभक्त होणं म्हणजे हिस्सा बुडणं नव्हे, वाटणी झाल्यासारखी गत. वारसाहक्क धर्मावरून जात नाही, हे १८५० च्या कायद्यानंच ठरवून टाकलेलं. काकांना पहिली ओळ ऐकून आनंद झाला होता, दुसरी ऐकून गेला.

पण बघा, ज्या कायद्याला माझा धर्म विचारायचा नाही, त्याच्याच पोटात हे कलम. हिंदू असशील तर घरातून बाहेर, आणि दुसराही हिंदू असेल तर घरात. म्हणजे नोटिशीत रकाना नाही, पण वाटणीत आहेच. बाईंना हे विचारलं तर त्या हसल्या. त्यांचं आवडतं वाक्य आहे, धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूळ चौकटीत आहे हे १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ज्या खटल्यात सांगितलं तो बोम्मई खटला, आणि बोम्मई आपल्या हुबळीकडचे, कर्नाटकचे मुख्यमंत्री होते, त्यांचं सरकार बरखास्त झालं म्हणून ते कोर्टात गेलेले. "चौकट पक्की आहे," म्हणाल्या, "भिंती बांधायचं काम चालू आहे."

हरकतीचं प्रकरण नोटिशीच्या तेविसाव्या दिवशी झालं. मी तिथं नव्हते, चुलतभावानंच नंतर सांगितलं, तोही हसत. तो आणि गावातले दोघं असे ऑफिसात गेले. अर्ज मराठीत लिहिलेला, "सदर विवाह आमच्या धर्मास व समाजास मान्य नाही." साहेबांनी तो वाचला. मोडक्या मराठीत विचारलं, मुलीचं वय कमी आहे? नाही. मुलाचं आधी लग्न झालंय? नाही. मुलीचं? नाही. दोघांतलं कुणी वेडं आहे? नाही. नात्यात बसतात? भाऊ म्हणाला, कसे बसतील, तो किरिस्ताव. "मग हरकत कसली?" हरकत घ्यायची तर याच कारणांवर घेता येते. तरी साहेबांनी नोटिशीची वही उघडून पुढं ठेवली. हरकत यात लिहितो, तुम्हाला वाचून दाखवतो, खाली सही करा. मी चौकशी करीन, आणि हरकत बिनबुडाची निघाली तर हजार रुपयांपर्यंत खर्च तुमच्यावर बसवता येतो. भाऊ म्हणतो, हजार रुपयांचं काही नव्हतं. पण सरकारी वहीत आपलं नाव कायमचं लिहायचं म्हटल्यावर बरोबरचे दोघं चहा प्यायला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत.

आता भिंतीबद्दल. याच्यावरून माझं आणि त्याचं खरं भांडण झालं.

त्या ऑफिसच्या भिंतीवर काय काय होतं ते सांगते. गांधी आणि आंबेडकर. मग बसवण्णा, म्हणजे महात्मा बसवेश्वर, मोठी नवी फ्रेम, खाली कन्नडमध्ये सांस्कृतिक नायक. २०२४ च्या सुरुवातीलाच सरकारनं त्यांना तसं जाहीर केलं आणि कचेऱ्यांत फोटो लावायला सांगितलं. हे झाले हुकमाचे फोटो. दुसऱ्या भिंतीवर, क्लार्कच्या डोक्यावर, हौसेचे. लक्ष्मी, सरस्वती, गणपती, राघवेंद्र स्वामी, सिद्धारूढ, आणि खाली छोट्या फळीवर उदबत्तीचं घर. शुक्रवारी हार. कुठलाही हुकूम नाही, स्टाफनं वर्गणी काढून लावलेले. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दिसलंच नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्यानं धर्म विचारला तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो."

मी म्हटलं, "त्यांची श्रद्धा आहे. तुला काय त्रास झाला त्यांचा?"

"त्रास नाही. पण तुला ते दिसत नाहीत, कारण तुझ्या घरात तेच आहेत. उद्या तिथं एकटी मारिया माउली ठेवली तर?"

मी म्हटलं, ठेवू देत की. तो नुसता हसला. आणि मला कळलं की मी किती स्वस्तात बोलले. तिथं मारियेचा फोटो असता तर दुसऱ्या दिवशी मोर्चा आला असता, आणि मोर्च्याची बातमी मराठी आणि कन्नड दोन्ही पेपरांत. लक्ष्मीवरून कुणाचा मोर्चा येत नाही.

मी माझीही बाजू मांडली. म्हटलं, आपल्या भागात देव आणि सरकार यांच्यात भिंत आहेच कुठं? सौंदत्तीच्या यल्लम्माचं देवस्थान सरकारच्या मुजराई खात्याखाली, देवळं बघणाऱ्या, तिथल्या हुंडीचे, म्हणजे दानपेटीचे, पैसे सरकारी अधिकाऱ्यापुढं मोजतात. शिवाय आपलं काम अडवलं ते फोटोतल्या लक्ष्मीनं नाही, खालच्या क्लार्कनं. आणि केलं ते विभूती लावणाऱ्या साहेबांनी. तो म्हणाला, "बरोबर. पण साहेबांची बदली झाली असती तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. साहेबांची विभूती त्यांच्या कपाळावर होती, तिच्यावर त्यांचा हक्क. भिंत कुणाच्या कपाळाची नव्हती, एवढं मला आता कळतं. तो मात्र त्या बसवण्णांवर खूश होता. म्हणाला, बाराव्या शतकात कल्याणात, आताच्या बसवकल्याणात, ब्राह्मणाची मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांचं लग्न लावलं म्हणून दोन्ही बापांना राजानं मारलं असं सांगतात, ते यांच्याच मंडळींतले. आणि त्यांच्या फोटोसमोर बसून हा क्लार्क विचारतो, कन्व्हर्ट कोण होणार.

दसरा झाला आणि पुढच्या सोमवारी आमची तारीख होती. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून, त्यामुळे लांबवायचं नव्हतं. ऑफिसात खंडेनवमीची पूजा होऊन गेलेली. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला सुकलेल्या झेंडूच्या माळा, प्रिंटरवर हळदीकुंकवाची बोटं, दारात फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवानं लाल झालेला तुकडा कोपऱ्यात तसाच. वेबकॅमच्या डोक्यावर एक फूल अडकवलेलं होतं, ते खाली कॅमेऱ्यापुढं लोंबत होतं. फोटो काढताना ऑपरेटरनं ते बोटानं वर धरलं.

साक्षीदार तीन लागतात. त्याची आई, कारखान्यातली माझी मैत्रीण, आणि वकीलबाई. माझ्या घरचं कोणी नाही. म्हणजे बाबा नाहीत. आई होती, खाली रिक्षात बसून. वर आली नाही.

साहेबांनी प्रमाणपत्राची वही काढली. कापडी पुठ्ठ्याची, जाड. पुठ्ठ्याच्या मधोमध हळद आणि त्यावर कुंकू. वह्यांचीही पूजा झाली होती, खरेदीखतांच्या आणि हिच्याही. ज्या वहीत कुणाचा धर्म लिहायचा नाही ती वही. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. या वेळी मला दिसलं, हे त्याला कळलं असावं. सासूबाईंनी सही करताना वही सरळ करायला हात लावला आणि त्यांची करंगळी लाल झाली. त्यांनी सही केली, मग रुमाल काढला, पुसलं, रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. बोलल्या काही नाहीत.

या सह्यांच्या आधी प्रतिज्ञापत्रं झाली होती. मग साहेब म्हणाले, आता तुम्ही एकमेकांना बोला. कायद्यात वाक्य दिलेलं आहे, आणि दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत म्हणता येतं असंही दिलेलं आहे. क्लार्कनं कन्नड वाक्य छापलेला कागद पुढं केला, रोजचा. नवऱ्यानं विचारलं, मराठीत म्हटलं तर? क्लार्कनं साहेबांकडे बघितलं. बेळगावात हा प्रश्न सरकारी टेबलापुढं विचारायचा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाटीवरून, बसवरून, ग्रामसभेच्या ठरावावरून इथं डोकी फुटलीत.

साहेब म्हणाले, "यारिगे अर्थ आगबेकु? कुणाला कळायला हवं, तुम्हाला ना. मग मराठीत म्हणा."

कागद मराठीत नव्हता, म्हणून आम्हीच जुळवलं. मी, अमुक, तुला, अमुक याला, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. "कायदेशीर" म्हणताना माझी जीभ अडखळली, परत म्हणावं लागलं. मंगलाष्टकं नाहीत, अंतरपाट नाही, ऑर्गन नाही, बाहेर कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. एका वाक्यात झालं. वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांनी अशी किती लावली असतील कोण जाणे.

खाली जाऊन मी आईला सांगितलं, झालं. तिनं पिशवीतून कुंद्याचा डबा काढून दिला. "वर वाट," म्हणाली.

डबा अटेंडरच्या हातात दिला. त्यानं झाकण उघडलं आणि सवयीनं आधी भिंतीपाशी गेला, फळीवर देवांपुढं क्षणभर डबा धरला, मग फिरवला. नवऱ्यानं कुंदा घेतला, खाल्ला. क्लार्कपाशी डबा आला तेव्हा तो पुढच्या कुणाचा तरी फॉर्म बघत होता. मान वर न करता त्यानं दोन चमचे घेतले.